कुलूपआत्याचं घर

आमच्या छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात त्यांना सगळे कुलूपताई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्याही "काय गं?" म्हणून वळायच्या. कागदाच्या गोदामाची किल्ली त्यांच्याकडे असायची, त्यामुळे आपल्याला हे नाव पडलं असा त्यांचा समज होता. ते नाव मी पाडलं होतं, आणि गोदामाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

मी त्यांच्या शेजारी बावीस वर्षं बसले. लांबलचक लाकडी टेबल, त्यावर छापून आलेले मोठे कागद. एका कागदावर सोळा पानं, निम्मी उलटी, निम्मी सुलटी. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. फर्म्याच्या घड्या घालायच्या, हाडाच्या पट्टीने दाबायच्या, एकावर एक रचायच्या, आरीने भोकं पाडून दोऱ्याने शिवायच्या. ताईंची घडी इतकी काटेकोर असायची की कटिंग मशीनवाला म्हणायचा, "तुमच्या गठ्ठ्याला पातं लावायची मला लाज वाटते." अंगाने काटकुळ्या. कागदाचे गठ्ठे वाहून डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली गेलेला. केस असे ओढून बांधायच्या की भुवया कायम वर, सदा कुणावर तरी संशय असल्यासारख्या. बारा महिने तो एकच राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ.

स्वभावाने गोड होत्या असं मी म्हणणार नाही. एकदा माझी शिवण सैल गेली, तर त्यांनी माझ्यादेखत सगळा गठ्ठा उसवला आणि "आता पुन्हा," एवढंच बोलल्या. मी घरी जाऊन रडले होते.

अठराव्या वर्षी त्यांच्यावर घर येऊन पडलं. आई गेली, पाठोपाठ वडील गेले, आणि मागे राहिला सहा वर्षांचा भाऊ. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. ताई छापखान्यात लागल्या. सुरुवातीला भावाला बरोबर आणून टेबलाखाली बसवायच्या. मग एक दिवस कटिंग मशीनवर एका कामगाराची दोन बोटं गेली आणि मालकांनी लहान मुलाला आत आणायची बंदी केली. शेजारीण सांभाळायला तयार होईना. रस्त्यावर सोडावं तर दारासमोरून ट्रकची ये-जा. एकदा तो चाकाखाली येता येता वाचला होता. मग ताईंनी सोपं तेच केलं. सकाळी त्याच्यासाठी डबा ठेवायचा, पाणी ठेवायचं, बाहेरून कुलूप लावायचं आणि कामावर यायचं. जेवणाच्या सुट्टीत धावत जाऊन त्याला बघून यायच्या. पोरगा आरडाओरडा करायला लागला की घरमालक खोल्या खाली करा म्हणायचा, म्हणून कुलूप लावताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "हूं नाही, चूं नाही."

मारायच्याही. घडी दाबायच्या त्याच हाडाच्या पट्टीने, तळहातावर. हे त्यांनी कधी लपवलं नाही.

त्याच वर्षी एक दिवस त्यांचा काका आला. त्याची विटांची भट्टी होती. निरोप आधीच आला होता, की पोराला घेऊन जातो, खाऊनपिऊन राहील, हाताखाली कामाला येईल. भट्टीवर सहा-सात वर्षांची पोरं काय काम करतात ते ताईंनी स्वतः पाहिलं होतं. जिन्यावर काकाच्या वहाणा वाजल्या तशी त्यांनी भावाला कपड्यांच्या कपाटात घातलं, "हूं नाही, चूं नाही," म्हणाल्या, किल्ली फिरवली आणि काकाला दार उघडलं. पोरगा कुठे विचारल्यावर सांगितलं, "गेला. मागच्या महिन्यात. तापाने." काकाला ते पटलं नसावं. तो बसला. जेवला, भिंतीला टेकून डुलकी काढली, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर ऐकलं. तीन तासांनी उठून गेला. ताईंनी कपाट उघडलं तेव्हा भावाचे कपडे ओले होते आणि तो बोलत नव्हता. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलायला लागला, आणि झाल्या प्रकाराबद्दल ना त्याने कधी विचारलं, ना त्यांनी सांगितलं.

त्या तिशीच्या आत असताना छापखान्यातल्या एका चष्मेवाल्या कंपोझिटरने त्यांना लग्नाचं विचारलं होतं. माणूस शांत, निर्व्यसनी. अट एकच, भावाला वसतिगृहात ठेवायचं. ताई नाही म्हणाल्या. दोन वर्षं वाट पाहून त्याने दुसरीकडे लग्न केलं. तरी तो तिथेच कामाला होता आणि प्रुफं घेऊन दिवसातून चार वेळा आमच्या टेबलावरून जायचा. ताई मान वर करत नसत.

भाऊ शिकला, शाळेत मास्तर झाला आणि पंचविसाव्या वर्षी त्याने मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं. आमचे मालक पुस्तकं नुसती छापायचे नाहीत, प्रकाशितही करायचे. कधी कुणाकडे हात न पसरलेल्या ताई त्यांच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मालकांनी हस्तलिखित ठेवून घेतलं. काही दिवसांनी 'दुरुस्त्या सुचवल्या आहेत' म्हणून पाकीट चिकटवून ताईंच्याच हाती परत पाठवलं. पंधरा दिवसांनी ताई नवं हस्तलिखित घेऊन आल्या. नेणं-आणणं सगळं त्यांनीच केलं. पाकीट एकदाही उघडलं नाही.

फर्मे आमच्या टेबलावर आले. बाइंडर पुस्तक वाचत नाही, पानांचे आकडे बघतो. पण मला सवय होती, घडी घालता घालता डोळा जायचाच. दुसऱ्याच फर्म्यात ती भेटली. कुलूपआत्या. साखरेला कुलूप, खिडकीला कुलूप, भाच्याच्या हसण्याला कुलूप. एक खांदा खाली, अंगाला पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास, 'हूं नाही, चूं नाही' म्हणत पोराला कपाटात कोंडणारी. तिच्याशी कुणी लग्न केलं नव्हतं. एक चष्मेवाला बेडूक तेवढा आला होता, तोही तिचा वास येताच टुणकन उडी मारून पळाला. शेवटी मुलं मिळून तिलाच कपाटात बंद करतात आणि किल्ली विहिरीत टाकतात. चित्रकाराने ताईंना पाहिलेलं नव्हतं, त्याने एक गलेलठ्ठ बाई काढली होती. शब्दांत मात्र ताई जशाच्या तशा होत्या.

मी ते पान टेबलाखालून पुढे सरकवलं. आम्ही सहाजणी होतो. तोंडात रुमाल कोंबून हसलो. ताई तिथेच बसून तेच फर्मे शिवत होत्या, आणि शिवण नेहमीपेक्षा घट्ट घालत होत्या, भावाचं पुस्तक म्हणून. दुसऱ्या दिवशी मी सहज हाक मारली, "कुलूपताई, दोरा द्या." त्यांनी दिला.

पहिली प्रत भावाने त्यांना दिली. आत लिहिलं होतं: 'ताईला, जिच्याशिवाय हे पुस्तक झालंच नसतं.' ते पान त्यांनी आम्हा सगळ्यांना दाखवलं. कटिंग मशीनवाल्यालाही दाखवलं. कंपोझिटरलाही दाखवलं, त्या एका दिवशी मान वर करून. बिचाऱ्याने ते अख्खं पुस्तक स्वतःच्या हाताने, शिशाचं एकेक अक्षर, खिळा खिळा जुळवलं होतं, बेडकासकट. तो म्हणाला, "छान आहे," आणि गेला.

ताईंनी पुस्तक वाचलं नाही. भाऊ म्हणाला होता, "पोराटोरांचं आहे गं, तुला काय करायचंय." त्या म्हणायच्या, दिवसभर पुस्तकंच हाताळते, घरी जाऊन पुन्हा तेच कुठे. कधी कधी मला वाटतं, त्यांना अंदाज होता आणि म्हणूनच त्यांनी ते उघडलं नाही. पण हा माझा तर्क, आणि त्यात माझी सोय आहे.

पुस्तक तुफान चाललं. पुढचे भाग निघाले, शाळाशाळांत नाटकं झाली, भाऊ मोठा लेखक झाला, मोठ्या घरात राहायला गेला. ताई सायकलच्या दुकानावरच राहिल्या. आम्ही दोघी निवृत्त झालो, तरी महिन्या-दोन महिन्यांनी भेटायचो. ताई चौऱ्याहत्तरच्या झाल्या तेव्हा एका जुन्या गोदामात मुलांच्या पुस्तकांचं संग्रहालय उभं राहिलं. गोष्टघर. तिथे पुस्तकं काचेत ठेवलेली नाहीत. पुस्तकातल्या खोल्याच बांधल्या आहेत, मुलांनी त्यात शिरायचं, वस्तूंना हात लावायचा, गोष्टीत राहायचं. त्यातला मोठा भाग भावाच्या पुस्तकांचा. उद्घाटनाला ताईंना बोलावलं नव्हतं. "गर्दी असते, ताई, तासन्‌तास उभं राहावं लागतं," असं भाऊ म्हणाला.

मग एका शनिवारी भाचीचा, म्हणजे भावाच्या मुलीचा, फोन आला. "आत्या, माझं ऑफिसचं काम निघालंय. आणि ही हट्ट धरून बसलीय, गोष्टघरच बघायचंय. वर्गातल्या सगळ्या जाऊन आल्या म्हणे. तू हिला फक्त दारापर्यंत सोड. आत तिथल्या मुली असतात सांभाळायला. तू बाहेर बाकावर बस हं. आत जाऊ नकोस. तुला झेपायचं नाही." आत जाऊ नकोस, हे तिने तीनदा सांगितलं.

भाचीची मुलगी सात वर्षांची. जिभेला हाड नसलेली. बसमध्ये म्हणाली, "आत्याआजी, आजोबा म्हणाले, तुला तिथे आत न्यायचंच नाही."

"का गं?"

"तुला कंटाळा येईल म्हणून."

दारात तिकिटवाल्याने अडवलं. आठ वर्षांखालच्या मुलांबरोबर मोठं माणूस हवंच. पोरीने भोकाड पसरलं. ताई आत गेल्या.

दार म्हणजे एक प्रचंड पुस्तक, त्याच्या कण्यातून आत शिरायचं. कणा मनगटाएवढ्या दोराने शिवलेला. ताईंनी थांबून शिवण पाहिली, आणि मला सांगताना पहिलं हेच सांगितलं: "चुकीची होती. एक टाका सुटला की सगळं हातात येईल." पुढे कागदाची झाडं, पायाखाली मऊ ढग, बोलणारा जिना. पोरगी हात सोडून पळायची, परत यायची. ताईंना आवडायला लागलं होतं. असं त्याच म्हणाल्या.

मग एका कोपऱ्यावर त्यांना त्यांचं घर दिसलं.

खाली सायकलचं दुकान, छताला टांगलेल्या ट्यूबा. वर जाणारा अरुंद जिना. दोन खोल्या. खिडकीच्या गजाला तारेने बांधलेला पत्र्याचा डबा, त्यांच्या घरी होता तसाच. गॅसची शेगडी डाव्या हाताला, तशीच. प्रत्येक वस्तूला कुलूप, खुर्चीलासुद्धा. वर रंगीत पाटी: कुलूपआत्याचं घर! सांभाळून, ती बघतेय! भावाने बांधणाऱ्यांना खोल्यांचा नकाशा काढून दिला असणार. मधोमध यंत्राची बाई उभी होती. राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ, डावा खांदा खाली, केस ओढून बांधलेले, भुवया वर. या वेळी ती गलेलठ्ठ नव्हती.

भिंतीवर बटणं होती. एका मुलाने एक दाबलं तर घोगऱ्या आवाजात "हूं नाही! चूं नाही!" ऐकू आलं आणि सगळी पोरं खिदळली. दुसऱ्यावर लिहिलं होतं: आत्याचा वास घ्या. दाबलं की भिंतीतल्या भोकातून फुस्सकन वास यायचा. पोरं नाक दाबून किंचाळायची आणि पुन्हा दाबायची. ताई जवळ जाऊन उभ्या राहिल्या. "तो खळीचा वास नव्हता," त्या मला म्हणाल्या. "सडक्या भाजीचा होता. खळीचा वास सडका नसतो." पलीकडच्या भिंतीवर छोटी छोटी दारं. कुलूपआत्याशी लग्न कोण करणार? एक दार उघडलं की गाढव मान हलवून नाही म्हणायचं. दुसऱ्यात बुजगावणं. तिसऱ्यात चष्मेवाला बेडूक, दार उघडताच स्प्रिंगवर उडून मागे जाणारा. ते दार एका मुलीने ताईंसमोर अकरा वेळा उघडलं. ताईंनी मोजलं होतं.

तेवढ्यात पिवळ्या टोपीतली एक तरुण मुलगी टाळ्या वाजवत आली. "मुलांनो, आज आपल्या आत्याची मोटार जळलीय! ती कपाटात जाऊ शकत नाही! मग आज आत्या कोण होणार?"

आईबाप लाजून मागे सरकले. मुलांनी एकाच वेळी वळून ताईंकडे पाहिलं.

"माझी आत्याआजी होईल!" भाचीची मुलगी ओरडली. "ही खरीच आहे! माझ्या आजोबांची ताई आहे ही!"

टोपीवाली हसली. तिला तो पोरीचा विनोद वाटला. "अरे वा! आणि आजी, तुम्हाला तर मेकअपचीही गरज नाही!"

सगळे हसले. ताईंना पोरीने ओढलं, बाकीच्या पोरांनी मागून ढकललं. त्या कपाटात शिरल्या. एवढ्या माणसांत नाही कसं म्हणायचं हे त्यांना कळलं नाही. दार लागलं, मोठ्ठी लाकडी किल्ली फिरली आणि बाहेर वीस पोरं तालात ओरडायला लागली: "कुलूपआत्या कुलपात! किल्ली गेली पाण्यात!" कुणीतरी दारावर लाथा घालत होतं.

आत काळोख होता. बसायला एक फळी होती. त्या बसल्या, तशी डोळ्यांसमोर हळूहळू अक्षरं उजळली. 'मी सहा वर्षांचा होतो. तीन तास मी या अंधारात होतो. माझा गुन्हा काय होता, हे मला आजही माहीत नाही.' खाली भावाची सही.

पोरांनी पन्नासपर्यंत मोजलं. दार उघडलं. आता आत्याने किंकाळी फोडत बाहेर यायचं असतं. ताई नुसत्या उभ्या राहिल्या.

"ओरडा ना, आजी!" टोपीवाली हळूच म्हणाली.

"हिला नीट येत नाहीये," एक पोरगा म्हणाला, आणि पोरं पुढच्या खोलीत पळाली.

बाहेर पडायचा रस्ता दुकानातून होता. तिथे किल्ल्या, कुलपं आणि आत्याचे रबरी मुखवटे टांगले होते. पोरीने मुखवटा मागितला. ताईंनी घेऊन दिला. परतीच्या बसमध्ये ती तो घालून त्यांच्या शेजारी बसली होती. उतरेपर्यंत काढला नाही.

पोरीला आजोबांकडेच सोडायचं होतं. भाऊ पुस्तकांच्या खोलीत होता. मुखवटा घातलेली नात आधी आत आली, मागून ताई. त्याने दोघींकडे पाहिलं आणि नातीला बाहेर पाठवलं.

"बस, ताई. चहा सांगू?"

"त्या कपाटात लिहिलंय ते तू लिहिलंस?"

"कुठल्या तरी मुलाखतीतलं घेतलंय त्यांनी."

"तुला खरंच माहीत नाही, मी तुला का कोंडलं ते?" ताई बसल्या नाहीत. "काका आला होता रे. भट्टीवर न्यायला. मी कधी बोलले नाही, म्हटलं पोर घाबरेल, आणि मग मोठा झालास. तुला वाटत राहिलं मी शिक्षा केली? एवढी वर्षं?"

त्याने चष्मा काढला, पुसला.

"मला माहीत होतं, ताई."

"काय?"

"काकाचा आवाज येत होता मला. तुझाही. तू म्हणालीस, तो गेला, तापाने. दोनदा म्हणालीस. मी आत बसून विचार करत होतो की मी मेलोय का."

ताई म्हणाल्या, "मग तसंच का नाही लिहिलंस?"

"लिहिलं होतं. पहिलं हस्तलिखित तेच होतं. तूच नेऊन दिलंस. तुमच्या मालकांनी परत पाठवलं. म्हणाले, यात पोरांनी हसायचं कुठे? बहीण नको, आत्या कर. आणि दुष्ट कर."

"आणि तू केलीस."

"केली. एका बैठकीत झाली. आणि खरं सांगू? लिहिताना मजा आली मला. तू मारायचीस, ताई. त्या पट्टीने. ते काही मी बनवलं नाही."

"नाही. ते नाही बनवलंस."

"गोष्टीत एक वाईट माणूस लागतोच."

"ते कपाटातलं तेवढं काढायला सांग. बाकी राहू दे. बेडूकसुद्धा राहू दे."

"ते कसं काढतील? तिथेच तर लोक रडतात. आया बाहेर येऊन पोरांना पोटाशी धरतात." मग थोडं नरमून म्हणाला, "तुला आत जाऊ नको सांगितलं होतं ना?"

दोन दिवसांनी ताई माझ्याकडे आल्या आणि हे सगळं, काकाच्या दिवसापासून, एका दमात सांगितलं. बावीस वर्षांत एवढं बोलल्या नसतील. मी म्हटलं, "ताई, कुलूपताई हे नाव मी पाडलं होतं. त्या पुस्तकावरून. आम्ही फर्मे वाचले होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांनी?"

"हो."

"हसलात?"

"हसलो."

"कुठल्या पानावर?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांच्यासमोर कधी जमलं नाही. "लग्नाच्या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, चहा संपवला, कप विसळून ठेवला. जाताना म्हणाल्या, "रविवारी मी पुन्हा जाणार आहे तिथे. तू चल. साक्षीला."

मी गेले. ताईंनी धुतलेला स्वेटर घातला होता. कपाटाच्या खोलीत पोरांची तुकडी आली तशी त्या कपाटापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलांनो, हे असं घडलं नव्हतं. ही बाई मी आहे." ताई सांगायला लागल्या. काका, भट्टी, वहाणांचा आवाज. त्यांना गोष्ट सांगता येत नव्हती. मध्येच घरमालकाकडे गेल्या, मध्येच कटिंग मशीनकडे. पोरं चुळबुळ करायला लागली. एका मुलीने हात वर केला.

"मग तुम्ही त्याला मारलं नाही का?"

"मारलं," ताई म्हणाल्या.

"मग तुम्ही दुष्टच आहात," मुलगी म्हणाली, अगदी शांतपणे, शाळेत उत्तर द्यावं तशी. पोरं हसली. मागून कुणीतरी "कुलूपआत्या कुलपात" सुरू केलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. आईबाप फोन वर धरून टिपत होते. दोन रखवालदार आले आणि ताईंना दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. मी गर्दीत होते. मी साक्षीला आले होते आणि माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही.

आठवड्याच्या आत तिकीट खिडकीवर ताईंचा फोटो लागला, या बाईंना आत सोडू नये म्हणून. बरोबर भावाचं पत्र होतं. वयोमानाने ताईची मनःस्थिती ठीक नसते, तिला समजून घ्यावं. भाषा फार सुंदर होती. मी चौकशीला गेले, तिथल्या रखवालदाराने ते मला वाचून दाखवलं, तेव्हा त्याचेही डोळे पाणावले.

फोनवर टिपलेलं ते सगळं गावभर फिरलं. 'खरी कुलूपआत्या सापडली.' पोरं ताईंच्या जिन्याखाली जमायला लागली. बेल वाजवून पळायची. ताई खिडकीत दिसल्या की आनंदाने किंचाळायची. एका सकाळी कुणीतरी बाहेरून कडी लावून तिच्यात कुलूप अडकवलं. ताई चार तास आत होत्या. दुपारी खालच्या सायकलवाल्याच्या लक्षात आलं, त्याने करवतीने कापलं. मी पोचले तेव्हा त्या खुर्चीत बसून होत्या.

"हाका नाही मारल्यात, ताई?"

"मारल्या. खाली पोरं हसत होती. लोकांना वाटलं, खेळ चाललाय."

भावाचा फोन आला. तो म्हणाला, "त्या लोकांच्या तोंडी लागायला नको होतंस." ताईंनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन कधी उचलला नाही.

दोन महिन्यांनी त्यांनी खोल्या सोडल्या आणि बसने पाच तासांवरच्या एका वृद्धाश्रमात गेल्या. पत्ता फक्त मला दिला. मी भेटायला गेले तेव्हा त्या बागेत एका आंधळ्या आजोबांना हाताला धरून फिरवत होत्या. केस सैल बांधले होते. भुवया खाली आल्या होत्या, चेहरा निराळाच दिसत होता. आजोबांना बाकावर बसवून त्या माझ्याकडे आल्या. मी फळं आणली होती, ती घेतली. तब्येतीचं बोललो, माझ्या गुडघ्यांचं बोललो.

निघताना त्या फाटकापर्यंत आल्या.

"पुन्हा येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

"का, ताई?"

"इथे मला कुणी ओळखत नाही. तू ओळखतेस."

रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या, शिवण सैल गेलीय हे सांगावं तसं. मग वळल्या आणि आजोबा उन्हात बसलेत म्हणून भराभर चालत गेल्या.

याला आता दोन वर्षं झाली. मी गेलेले नाही.